पुनवेची ओहोटी

पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा आल्या आणि शेजारी भांबुर्ड्याच्या जुड्या दिसायला लागल्या, की मी हातातली पिशवी खाली ठेवून आधी एक जुडी नाकाशी धरते. भाजीवाली आता ओळखते मला. "ताई, घ्यायची असंल तर घ्या, नुसत्या वासानं पोट भरतंय का?" म्हणते. भांबुर्डा तसा काही कौतुकाचा पाला नव्हे. रानात, बांधावर आपला आपण उगवतो. पण थंडीत पोपटी लावायची, तर मडक्याच्या तळाला तोच लागतो आणि तोंडातही तोच दाबून भरावा लागतो. मध्ये शेंगा, ओवा, जाडं मीठ. मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. त्या उग्र वासाने माझा एक हिवाळा मला परत मिळतो. अगदी घरपोच मिळतो, म्हणा ना.

त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी माझ्या वडिलांना पुस्तकं वाचून दाखवत होते. आणि त्या पुस्तकांतली एक बाई जिवंत आहे की मेलेली, यावरून आमच्या घरात रणकंदन चाललं होतं.

अप्पा भूगोलाचे मास्तर. वाईकडचे. नोकरीसाठी पनवेलला आले ते इथलेच झाले. वर्गात जगाचे नकाशे काढून भागेना, म्हणून की काय, त्यांनी स्वतःचा एक देशच काढला. त्याचं नाव नऊखाडी. तिथल्या खाडीकाठच्या तिवराच्या झाडांना अंधारात डोळे फुटतात, खेकडे खोटं बोलणाऱ्याचं बोट धरून ठेवतात, आणि अंगठगडावरचा राजा आपली सावली गहाण टाकून लढाया करतो. अंगठगड म्हणजे आमच्या गच्चीवरून दिसणारा कर्नाळ्याचा सुळका, दुसरं काय! या देशाच्या त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. मुलांनी वाचल्या, मुलांच्या आयांनी चोरून वाचल्या. त्या सगळ्यांत लोकांचा जीव जडला तो राजावर नाही, हिरूवर. हिरू नावाडीण. नऊ खाड्यांतून माणसं पार करते, प्रत्येक उतारूमागे पदराला एक गाठ मारते, आणि कसलंही संकट आलं तरी म्हणते, "बघू, पुढचं पुढे."

आमच्या घरात हे कोणाला सांगावं लागलं नाही. पदराला गाठ माझी आई मारायची. दूध आणायचं, गाठ. विमा भरायचा, गाठ. आणि "बघू, पुढचं पुढे" हे तर तिचं दिवसातून पाच वेळा चालायचं. अप्पांनी आईला उचलून होडीत बसवली होती, झालं. चौथा भाग आला तेव्हा आई आजारी होती. पाचवा भाग आला तेव्हा ती नव्हती. पाचव्या भागाच्या शेवटी हिरू बुडते. पौर्णिमेची संध्याकाळ, समोरून चंद्र वर येतोय, समुद्राला उधाण आलंय, खाडी काठोकाठ भरलीय, आणि शेवटचा उतारू काठावर ढकलून हिरूची होडी उलटते. त्यानंतर अप्पांनी नऊखाडीबद्दल एक ओळ लिहिली नाही.

लिहिलं ते सुनंदाने. सुनंदा अप्पांची विद्यार्थिनी, गव्हाणची. घर खाडीवरचं, आई-वडील मासेमारी करणारे. आता उरणकडे बंदरात चांगल्या हुद्द्यावर आहे आणि तिथेही दणकून बोलते. दहावीच्या परीक्षेत एसटीचा भरवसा नको म्हणून ती आमच्याकडे राहिली होती. आई तिला पेपरला जाताना दहीसाखर हातावर द्यायची आणि आल्यावर पहिलं विचारायची, "काय खाणार?" पेपर कसा गेला, हे कधीच विचारलं नाही. पुढे सुनंदा मोठी झाली, नोकरीला लागली, आणि एक दिवस येऊन अप्पांना म्हणाली, "सर, तुमच्या नऊखाडीत मी राहायला येऊ का?" अप्पा म्हणाले, "ये की. जागा पुष्कळ आहे." एवढ्यावर तिने त्याच देशाच्या आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. 'चिखलवाट' मालिका. गोष्ट पुढच्या पिढीची. अप्पांनी त्या आनंदाने कपाटात लावल्या आणि कधीही उघडल्या नाहीत. विचारलं की म्हणायचे, "सवड झाली नाही." निवृत्त माणसाला सवड झाली नाही! पण उघडल्या तर मीही नव्हत्या.

त्या हिवाळ्याच्या आधी प्रकाशकांचा फोन आला. आठही पुस्तकं एकत्र संचात काढायची होती. अट एकच. "ताई, हल्लीचे वाचक फार हुशार आहेत. एका पुस्तकातली गोष्ट दुसऱ्याशी जुळली नाही, की पानांचे फोटो काढून जगभर फिरवतात. तुम्ही मुद्रितं तपासताच, तर दोन्ही मालिका एकमेकींशी जुळवून द्या. जे जुळणारच नाही ते संचातून गाळू."

असं काम सांगायचं आणि तेही मला! चुका काढणं हा माझा धंदा नंतर झाला, आधी तो स्वभाव होता. लग्नाची पत्रिका, औषधाच्या खोक्यावरची सूचना, पोळीभाजी केंद्राचा फळा, काही सोडत नाही मी. नवरा हॉटेलात गेलं की मेनूकार्ड माझ्यापासून लांब ठेवतो. आणि अप्पांची नजर तेव्हा अधू झालेली. मधलं दिसेनासं झालं होतं, फक्त कडेचं दिसायचं. "तुझं तोंड दिसत नाही, पण तुझ्या कानामागचं कॅलेंडर झकास दिसतं," असं हसून सांगायचे. स्वतः वाचणं संपलंच होतं. म्हणून ठरलं, मी आठही पुस्तकं मोठ्याने वाचायची, अप्पांनी ऐकायची, जुळत नसेल तिथे मी पिवळी चिठ्ठी लावायची, आणि शेवटचा शब्द अप्पांचा. देश त्यांचा होता ना.

अहाहा, काय संध्याकाळी होत्या त्या! मागच्या दारी पारिजातकाखाली दोन खुर्च्या, अप्पांच्या अंगावर आईने विणलेला तपकिरी स्वेटर, कोपरावर विरलेला. तिकडे उलव्याच्या बाजूने डंपरची घरघर. विमानतळाचं काम तेव्हा जोरात होतं, हवेत सतत बारीक धूळ असायची आणि पुस्तकाच्या पानांवर बोट फिरवलं की ती लागायची. मी वाचत असायचे आणि अप्पा आपलीच वाक्यं ऐकून कधी "वा!" म्हणायचे, कधी "हे कुठल्या गाढवाने लिहिलं?" असं विचारायचे.

आणि विसंगती! अगं बाई! अप्पांच्या पहिल्या भागात आकाशात एक चंद्र आहे, तिसऱ्यात दोन, चौथ्यात परत एक. दुसरा कुठे गेला, विचारलं तर म्हणाले, "मला तेव्हा ताप होता." सावकाराचा घोडा काळा होता तो पांढरा झाला, यावर म्हणाले, "म्हातारा झाला असेल." सुनंदाच्या पुस्तकांशी तर कुठे काही जुळेना. अप्पांचा अंगठगड सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला गाठता येतो. सुनंदाच्या पुस्तकात तिथे पोचायला तीन भरत्या लागतात. मी मोठ्या ऐटीत चिठ्ठी लावली, तर अप्पा विचारात पडले. म्हणाले, "मी चालत जातो, ती होडीने जाते. राहू दे दोन्ही." अशा किती चिठ्ठ्या त्यांनी मला परत काढायला लावल्या. मला राग यायचा. एक देश, त्याचा एक नकाशा, एवढी साधी गोष्ट.

एक चिठ्ठी मात्र त्यांनी काढू दिली नाही. 'चिखलवाट'चा पहिला भाग निम्मा झाला असेल. मी वाचत होते, खाडीच्या काठी एक म्हातारी जाळं विणत बसलीय. केस पांढरे, नाकावर चष्मा. नऊखाडीत चष्मा कुठून आला, म्हणून मी चिठ्ठीला हात घालतेय, तोवर पुढचं वाक्य आलं. म्हातारीच्या पदराला शेकडो गाठी होत्या, आणि कुठली गाठ कोणाची, हे तिला आता आठवत नव्हतं, तरी ती एकही सोडू देत नव्हती.

"थांब," अप्पा म्हणाले.

मी थांबले. मलाच पुढे वाचवत नव्हतं.

"ही हिरू आहे?"

"हो, दिसतंय तसं."

"हिरू मेली. मी लिहिलंय." अप्पांचा आवाज चढला. माझ्या वडिलांचा आवाज सहसा चढत नाही. "माझी गेलेली माणसं हिने उठवून बसवायची? लाव चिठ्ठी. ही पुस्तकं संचात जाणार नाहीत."

मी चिठ्ठी लावली. खरं सांगायचं, तर नियमाने अप्पांचं बरोबर होतं. पाचव्यात मेलेली बाई सहाव्यात जाळं विणत बसू शकत नाही, आणि हिरू काढली तर सुनंदाच्या गोष्टीत उरणार काय? पण त्या रात्री मला झोप येईना. माझ्या आईचे केस कधी पांढरे झालेच नाहीत. तेवढा वेळच मिळाला नाही तिला. आणि इथे कोणीतरी तिला सत्तरीची केली होती, तिच्या नाकावर चष्मा दिला होता. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मला पुढचं वाचायचं होतं.

रविवारी सुनंदा पोपटीचं सामान घेऊन हजर. दर थंडीत एकदा ती आमच्या मागच्या दारी पोपटी लावतेच. सोसायटीचे सेक्रेटरी धुरावरून कुरकुरतात आणि मग वाटीभर शेंगा खाऊन जातात. मी तिला दारातच सगळं सांगितलं. ऐकून ती तशीच मागच्या दारी गेली. मडकं भरलं, उपडं घातलं, पेटवलं. अप्पा खुर्चीत बसून होते, तिच्याकडे तोंड न करता. जाळ चांगला लागल्यावर तीच म्हणाली,

"सर, रागावलात?"

"तू विचारलं होतंस तेव्हा मी हो म्हटलं होतं. पण मेलेलं माणूस मेलेलं असतं, सुनंदा. त्यात राहायला येता येत नाही."

सुनंदा काटकीने निखारे आत ढकलत होती. ती आमच्याशी शहरातलं मराठी बोलते, पण जीव वर आला की गावचं तोंडात येतं.

"सर, एक सांगू का? इतकी वर्सं नाय सांगितलं. तुमी रडून लिवलेलं, त्यात मी कुठं तोंड घालू? पर ती बुडलीच नाय, सर. पुनवेला तिनीसांजंला आमच्या खाडीत पाणीच नसतं."

"काय?"

"पुनवेची भरती भर दुपारी, नायतर मध्यरात्री. चंद्र वर येतो ना, तवा पार सुकती. ओहोटी. नुसता चिखल. होडी उलटंल कशी? बसंल चिखलात. आन् हिरू उतरून चालत येईल घरी."

मला हसू की रडू ते कळेना. भूगोलाचे मास्तर! भरती-ओहोटीचा धडा यांनी आयुष्यभर शिकवला. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत, मोठी भरती, उधाण, फळ्यावर रंगीत खडूने सुंदर आकृती. पण ती भरती आमच्या खाडीत किती वाजता येते, हे काही फळ्यावर नव्हतं. वाईच्या माणसाने कृष्णा पाहिलेली. पुनवेचा चंद्र उगवला की समुद्र काठोकाठ भरतो, असं त्यांनी मनानेच धरलं होतं. चंद्र आणि पाणी एकत्रच वर येणार, दुसरं कसं असेल?

"पुस्तक आलं तवाच वाचलं मी," सुनंदा म्हणाली. "बाकी सगळे रडले असतील, पर आमच्याकडं आय हसली. म्हणाली, तुझ्या सरांना सांग, बाई घरी आली असंल, भात टाकला असंल." मग तिचा आवाज बारीक झाला. "काकू गेल्या तवा मला नोकरीतून येता आलं नाय, सर. मी हिरूच्या मागं मागं चिखलातनं चालत गेले. तुमी तुमची बायको लिवली. मी माझी दहावीतली काकू लिवली."

अप्पांनी मडक्याच्या दिशेने वास घेतला. मग म्हणाले, "मडक्यावर पाणी शिंपड. करपेल."

तिने पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं, पोपटी झाली होती. आम्ही गरम शेंगा सोलून खाल्ल्या. हात काळे झाले. उठताना अप्पांनी विचारलं, "पौर्णिमा कधी आहे गं?"

पौर्णिमेला आम्ही सुनंदाच्या गाडीतून गव्हाणला गेलो. सूर्य बुडत होता. बांधावर गाडी थांबवून सुनंदाने अप्पांचा एक हात धरला, मी दुसरा. एका बाजूला उलव्याचे टॉवर, क्रेनवर दिवे लागायला लागलेले. दुसऱ्या बाजूला तिवरं. आणि मध्ये खाडी, म्हणजे खाडीची रिकामी जागा. राखाडी, चकचकीत चिखल, मधोमध पाण्याची एक बारीक वळवळती रेघ, कडेला दोन होड्या आडव्या होऊन बसलेल्या. बगळे चिखलात चोची मारत होते. समोर चंद्र वर आला. मोठा, केशरी, अप्पांनी लिहिला होता तसाच. फक्त खाली पाणी नव्हतं.

अप्पांना समोरचं दिसत नव्हतं. त्यांनी मान वळवून कडेने बघायचा प्रयत्न केला. मग कान दिला. मग काठी पुढे करून खाली टोचली. काठी चिखलात शिरली आणि उभी राहिली.

"कुठपर्यंत रुततं माणूस?"

"गुडघ्यापर्यंत. कुठं मांडीपर्यंत. पर जमतं, सर. आय माझी निम्मं आयुष्य चालली त्यात."

"तिला सवय नव्हती गं," अप्पा म्हणाले. हे ते हिरूबद्दल बोलत नव्हते, आम्हा दोघींनाही कळलं.

"हिसका देत नाय चालायचं. हळूहळू. शिकली असतील काकू."

अप्पांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. काठी उपटून घेतली, तिच्या टोकाचा चिखल बोटाने चाचपला आणि म्हणाले, "म्हणजे आली असेल घरी." जरा थांबून म्हणाले, "विद्या, चल. पुढचं वाच."

आणि मग उरलेला हिवाळा मी पुढचं वाचलं. हिरू नातीला होडी शिकवते. हिरू चष्मा हरवते आणि तो तिच्याच डोक्यावर सापडतो. हिरूचं राजाशी भांडण होतं आणि राजा हरतो. अप्पा ऐकायचे, मध्येच म्हणायचे, "हे बरोबर आहे, असंच केलं असतं तिने." कधी म्हणायचे, "छे, एवढं ऐकून घेतलं नसतं." त्यांना जे म्हातारपण आईबरोबर मिळालं नाही, ते सुनंदाने लिहून ठेवलं होतं, आणि कपाटात इतकी वर्षं ते वाट बघत होतं. मी चिठ्ठ्या लावायचं विसरत चालले. माझ्यासारखी बाई! सुनंदाचे उपकार मी कसे फेडू, कळत नाही. दर थंडीत भांबुर्डा विकत घेते आणि मडकं मात्र तिलाच लावू देते, एवढंच.

आता त्या बाजूने विमानं उडतात. अप्पा अजून मागच्या दारी बसतात आणि आवाजावरून ते चढतंय की उतरतंय, ते सांगतात. खाडीचा किती भाग भरावाखाली गेला आणि किती राहिला, हे मी त्यांना सांगत नाही, तेही विचारत नाहीत. पण थंडीतल्या पौर्णिमेला दिवे लागले की हटकून विचारतात, "ओहोटी लागली का गं?" मी हो म्हणते. खात्रीने म्हणते, आता मला माहीत आहे.

संच निघायच्या आधी शेवटची मुद्रितं आली तेव्हा प्रकाशकांचा पुन्हा फोन आला होता. सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "छान. हिरू जिवंत ठेवू. पण मग पाचव्या भागातली भरतीची वेळ तेवढी दुरुस्त करून घ्या. संध्याकाळच्या जागी मध्यरात्र करा. किरकोळ काम आहे. उगीच लोकांनी चूक काढायला नको."

मी फोन ठेवला आणि पान उघडलं. संध्याकाळ, चंद्र, काठोकाठ खाडी. धडधडीत चूक. माझ्या हातात पेन्सिल होती, आणि अशी चूक दिसली की माझा हात आपोआप चालतो.

"काय म्हणत होते?" अप्पांनी विचारलं. मी सांगितलं.

ते खुर्चीतून अर्धे उठले. "खबरदार! मध्यरात्र केलीस तर ती बुडेल."

मी समासात लिहिलं : आहे तसंच ठेवणे.